नोकरी कंपनीची, कसब आपलं: पगारदार माणसाने धंदेवाल्यासारखा विचार कसा करावा?

गेजवाली | रविवार, सकाळी १०:१५

मी भोसरी-चाकण पट्ट्यातल्या वाहनांच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत क्वालिटी बघते. आधी मेकॅनिकल डिप्लोमा, मग नोकरी सांभाळून बी.ई. हा धागा माझ्यासारख्या लोकांसाठी काढतेय. ज्यांना स्वतःची कंपनी काढायची नाही, नोकरीच करायची आहे, पण पुढची पंधरा-वीस वर्षं दुसऱ्या कुणाच्या भरवशावर सोडायची नाहीत, त्यांच्यासाठी.

आमच्या भागात चांगल्या कंपनीत पर्मनंट लागलं की आयुष्य मार्गी लागलं, हे समीकरण दोन पिढ्या चाललं. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मोठे कारखाने आले, त्यांच्याभोवती शेकडो लहान वर्कशॉप उभी राहिली. माणूस ज्या गेटने आत जायचा त्याच गेटने ५८ व्या वर्षी हार घालून बाहेर यायचा. एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ हे कडक नियम सक्तीचे झाले. लहान डिझेल इंजिन त्या नियमांत बसवणं महाग पडू लागलं, आणि काही कार कंपन्यांनी छोट्या डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. ऑर्डर आटल्या तशा त्या इंजिनांचे भाग बनवणाऱ्या लाइन बंद पडल्या. त्यातली एक आमच्याकडची. त्या लाइनवरची माणसं कामाला पक्की होती, रिजेक्शन कमी होतं, हजेरी चोख होती. यातल्या कशाचाही उपयोग झाला नाही.

पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. काय काम करता असं विचारलं की बहुतेक जण पार्टचं नाव सांगायचे. वर्षानुवर्षं तोच एक पार्ट. एक जण मात्र म्हणायचा, "मी डीप होल ड्रिलिंग करतो. लांब आणि बारीक भोक सरळ पाडायचं असेल तर मला सांगा." काम सगळ्यांचं तेच होतं. पण पार्ट गेल्यावर बाकीच्यांची फार ओढाताण झाली आणि हा माणूस प्लास्टिक मोल्ड बनवणाऱ्या टूलरूममध्ये लागला, कारण मोल्डमध्ये पाणी फिरवायला तशीच लांब भोकं लागतात. आपण नेमकं काय विकतो हे त्याला आधीपासून माहीत होतं.

माझ्या कामातलं एक उदाहरण सांगते. ॲल्युमिनियमचं हाउसिंग (बाहेरचं कवच), ८० मिलिमीटरचा बोअर (आतलं गोल भोक), टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ३० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लाइनवर पार्ट ओके यायचे आणि ग्राहकाच्या स्टँडर्ड रूममध्ये (ठरलेल्या तापमानाला ठेवलेली माप घ्यायची खोली) त्यातले काही लहान भरायचे. दोन्हीकडचे गेज कॅलिब्रेटेड, त्यामुळे आळ यायचा ऑपरेटरवर. मी माप घेताना पार्टचं तापमानही लिहून ठेवायला लागले. माप २० अंश सेल्सिअसला धरायचं हा जगभरचा नियम आहे. मे महिन्यात मशीनमधून ताजा निघालेला पार्ट ४० अंशांच्या घरात असतो. ॲल्युमिनियम एका मीटरला एका अंशामागे साधारण २३ मायक्रॉन फुगतं. ८० मिलिमीटरला २० अंशांचा हिशोब केला तर जवळपास ३७ मायक्रॉन होतात, म्हणजे अख्ख्या टॉलरन्सपेक्षा जास्त! गेज सेट करायची मास्टर रिंग (नेमक्या मापाची कडी) स्टीलची होती. ती याच्या निम्मीच फुगते, त्यामुळे चुकीचा काही भाग झाकला जायचा आणि उरलेला ग्राहकाकडे उघडा पडायचा. उपाय साधा निघाला. पार्ट निवू द्यायचा आणि मास्टर रिंग ॲल्युमिनियमची करून घ्यायची.

हे सगळं मी घरी माझ्या वहीत लिहून काढलं. अडचण काय होती, संशय कशाकशावर होता, एकेक कसा तपासला, शेवटी काय बदललं. त्यात ड्रॉइंग नाही, ग्राहकाचं नाव नाही, पार्ट नंबर नाही. ते कंपनीचं आहे आणि कंपनीतच राहायला हवं. पण ॲल्युमिनियम किती फुगतं ही काही कुणाची गुप्त माहिती नाही, आणि ते शोधून काढायची नजर माझी आहे. पुढे आमच्याकडे इलेक्ट्रिक मोटरच्या हाउसिंगचा प्रकल्प आला. कुणी बोलावेल याची वाट न बघता मी प्रकल्पप्रमुखांकडे वेळ मागितली आणि ते पान त्यांच्यापुढे ठेवलं. मोटरच्या हाउसिंगमध्ये स्टेटर (मोटरचा न फिरणारा भाग) घट्ट बसवायचा असतो, तिथेही बोअरचं माप नाजूक, धातू तोच. आज मी त्या प्रकल्पावर काम करते.

धंदेवाल्यासारखा विचार म्हणजे माझ्या मते हा. पगार देणारी कंपनी हे माझं गिऱ्हाईक आहे आणि माझं दुकान सध्या या एकाच गिऱ्हाइकावर चालतं. असा दुकानदार चार गोष्टींवर लक्ष ठेवेलच. हे गिऱ्हाईक माझ्याकडून नेमकं काय घेतं? तेच आणखी कोण घेईल? बाजारात त्याचा भाव काय चाललाय? आणि हे गिऱ्हाईक उद्या आलंच नाही, तर किती महिने शटर उघडं ठेवता येईल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घरखर्चाच्या सहा महिन्यांइतकं असावं असं मला वाटतं. ते जमेपर्यंत बाकी कुठलाही धीटपणा करू नये. गाठीशी पैसे नसतील तर वरिष्ठांसमोर बसून भाव सांगायला तोंडच उघडत नाही.

तुमच्या क्षेत्रात हे कसं दिसतं ते लिहा. ज्यांना हा सगळा विचारच पटत नाही, त्यांनी तर नक्की लिहा.

हिंजवडी_फेज३ | रविवार, दुपारी १२:०२

आमच्याकडे पार्टच्या जागी टूलचं नाव असतं, एवढाच फरक. बायोडेटावर ओळीने दहा सॉफ्टवेअरची नावं, आणि त्यातून काय सोडवलं याची एकही ओळ नाही. मी मुलाखती घेतो तेव्हा एकच विचारतो: रात्री सिस्टिम बंद पडली होती असा एखादा प्रसंग सांगा आणि सुरुवात कुठून केलीत ते सांगा. ज्याने खरंच काम केलंय तो दहा मिनिटं न थांबता बोलतो.

कोड लिहून देणारी एआय टूल्स आल्यापासून तर हे जास्तच जाणवतं. साधा कोड आता कुणीही काढून घेतं. बँकेच्या व्यवहारात पैसे दोनदा वळते होऊ नयेत म्हणून कुठे काय तपासायचं, हे ज्याला कळतं त्याची किंमत वाढली आहे.

लालबागचा_मुलगा | रविवार, दुपारी ३:४०

ताई, लेख प्रामाणिक आहे म्हणून मनापासून विरोध नोंदवतो.

माझे वडील गिरणीत विव्हिंगमध्ये होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली आणि बहुतेकांच्या हाताला ते काम पुन्हा कधी लागलं नाही. त्यांच्याकडे कसब नव्हतं का? तुटलेला धागा नुसत्या बोटांनी शोधून जोडणारी माणसं होती ती. पण ते कसब विकत घेणारा बाजारच मुंबईतून उठला. आधी यंत्रमाग भिवंडीत गेले, मग गिरण्यांच्या जमिनींना कापडापेक्षा जास्त भाव आला. एकट्या विणकराने वही लिहून यातलं काय अडवलं असतं?

आपल्या करिअरचे मालक आपण, हे वाक्य हल्ली मी कंपन्यांच्या भिंतींवर वाचतो. त्याच कंपन्यांत निम्मी माणसं कंत्राटदाराच्या नावावर असतात. जबाबदारी कामगाराची आणि निर्णय मालकाचा, अशी वाटणी मला मान्य नाही. युनियन, पीएफ, ग्रॅच्युइटी, आठ तासांचं काम हे एकेकट्याने मिळवलेलं नाही. तुमच्या मांडणीत शेजारच्या मशीनवरचा माणूस कुठे आहे?

टूलरूम_मिरज | रविवार, रात्री ९:१८

आमचं मिरज एमआयडीसीत लहान युनिट आहे. जिग-फिक्श्चर, म्हणजे मशीनवर पार्ट धरून ठेवायची साधनं, करतो. मी नोकरी सोडून धंद्यात आलो, म्हणून दोन्ही बाजू माहीत आहेत.

आमच्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे, त्यामुळे लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट लहानपणापासून ऐकतो. लोक सांगतात ती नांगराची. माझ्या मनात राहिली ती त्याआधीची. ते मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत होते आणि १८८८ पासून बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान चालवत होते. मास्तरकी मुंबईत आणि सायकली बेळगावात! बढतीत डावललं गेलं तेव्हा त्यांनी नोकरी सोडली, पण तोपर्यंत दुसरी बाजू उभी होती. पुढे लोखंडी नांगर केला तर लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज, तो मोडता मोडता दमछाक. १९१० ला औंध संस्थानाच्या माळरानावर वाडी वसली ती या सगळ्यानंतर. रागाच्या भरात राजीनामा टाकून उद्योगपती झाले असं जे रंगवून सांगतात, त्यांनी मधली वर्षं मोजावीत.

आता रोकडी गोष्ट. एकच गिऱ्हाईक हा नोकरदाराचा धोका आहे तसा आमचाही आहे, आणि आमच्यासारख्यांना तो जास्त लवकर बुडवतो. मी कुठल्याही एका कंपनीचं काम एकूण धंद्याच्या तिसऱ्या हिश्शावर जाऊ देत नाही, कितीही मोह झाला तरी. दुसरं, उधारी. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावं लागतं, हा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. एप्रिल २०२४ पासून तर मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही. कागदावर हे भक्कम आहे. पण पुढची ऑर्डर त्याच माणसाच्या हातात असते, त्यामुळे व्याजाची नोटीस काढायला हात धजत नाही. नोकरदाराने धंदेवाल्यासारखा विचार जरूर करावा, पण महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यात पैसे येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, तेही त्या विचारात धरावं.

रातराणी | रविवार, रात्री १०:५५

वाचायला छान वाटतं. सहाला घरी, मग स्वयंपाक, मुलीचा अभ्यास, सासूबाईंची औषधं. वही कधी लिहायची? ऑफिसातले पुरुष सहकारी रात्री ऑनलाइन कोर्स करतात. त्या वेळी त्यांच्या घरची भांडी कोण घासत असतं, हे धाग्यावर कुणी विचारलं नाही म्हणून मी विचारते.

गेजवाली | सोमवार, सकाळी ७:२०

रातराणी, तुमचा प्रश्न सगळ्यात आधी घेते. मीही घर सांभाळूनच नोकरी करते, आणि शिकणं रात्री अकरानंतर ढकलायचं हे मला मान्य नाही. जे शिकायचं ते कामाच्या वेळेत आणि शक्यतो कंपनीच्या पैशाने. आमच्याकडे आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगातलं गुणवत्तेचं मानक) साठी इंटर्नल ऑडिटरचं प्रशिक्षण कंपनी देते. दरवर्षी नावं मागवतात आणि बायकांची नावं क्वचित जातात, कारण विचारणारा गृहीत धरतो की तुम्हाला जमणार नाही. मी नाव लेखी दिलं. प्रमाणपत्रावर नाव आपलं असतं, ते आपल्याबरोबर येतं. आणि वहीला रोजचा वेळ लागत नाही. एखादी अडचण सुटली त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, चार ओळी. घरातल्या कामाच्या वाटणीचा प्रश्न यातून सुटत नाही, हे खरंच. तो घरीच सोडवावा लागेल, आणि तोही करिअरचाच प्रश्न आहे असं मी मानते.

लालबागचा_मुलगा दादा, शेजारच्या मशीनवरचा माणूस माझ्या लेखात नव्हता, आणि तो हवा होता. तुमचं म्हणणं मी विचारात घेतेय. एक मात्र विचारते. संप फसला तेव्हा ज्यांच्या घरात दुसरं काही चालू होतं, ती घरं कशी तगली?

निशिगंध | सोमवार, दुपारी १:३०

मनुष्यबळ विभागात काम करते, म्हणून आतली एक गोष्ट सांगते. पगारवाढीचा फॉर्म तुम्ही मार्च-एप्रिलमध्ये भरता. मी ज्या ज्या ठिकाणी काम केलं तिथे विभागाचं पगारवाढीचं बजेट त्याच्या दोन-तीन महिने आधी ठरलेलं असायचं. फॉर्मवर कितीही सुंदर लिहिलं तरी वाटायची रक्कम तेवढीच राहते. बोलायचं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बोला, तेव्हा तुमच्या साहेबाला वर मागणी करायला वाव असतो. आणि "मी खूप मेहनत केली" असं सांगू नका. गेजवालीताईंनी जसं केलं तसं एक पान न्या: काय अडत होतं, काय केलं, त्याने रिजेक्शन किती उतरलं. तेच पान घेऊन तुमचा साहेब वर भांडू शकतो.

दुसरं, विभाग बदलायला लोक घाबरतात. बाहेर उडी मारण्यापेक्षा आतल्या आत बाजू बदलणं बरेचदा जास्त फायद्याचं असतं. सेवा सलग राहते. कायम कर्मचाऱ्याला ५ वर्षांनी ग्रॅच्युइटी लागू होते आणि हिशोब शेवटच्या मूळ पगारावर असतो: मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. मूळ पगार ३०,००० आणि सेवा १४ वर्षं असेल तर साधारण २ लाख ४२ हजार होतात. चार वर्षं आणि काही महिन्यांवर उडी मारताना हा आकडा कुणी पाहत नाही.

पीएफचंही तेच. नोकरी बदलली की पैसे काढून घेणारे फार. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के (१५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे महिना १,२५०) पेन्शन योजनेत जातात आणि पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते. खातं ट्रान्सफर केलं तर जुनी वर्षं धरली जातात. काढून घेतलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

लालबागचा_मुलगा | सोमवार, रात्री ८:४५

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते माझ्या घरातलंच आहे. माझी आई खाणावळ चालवायची. खोलीत स्टोव्हवर पंधरा-सोळा गिरणी कामगारांचं जेवण. अशा शेकडो बायका लालबाग-परळमध्ये होत्या आणि वाण्याच्या नाहीतर सावकाराच्या उधारीत बुडालेल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बायकांचे गट केले, एकीने दुसरीची हमी घ्यायची आणि त्या हमीवर बँकेचं कर्ज मिळायचं. एकेकटीला बँकेने दारात उभं केलं नसतं.

संपात वडिलांचा पगार थांबला आणि आईच्या पानावर बसणारेही गावी गेले. दोघांचं गिऱ्हाईक शेवटी एकच होतं, गिरणी. तुमचा एकाच गिऱ्हाइकाचा मुद्दा मला तिथे पटला. आई तरली ती ओळखीच्या बायकांमुळे. कुणी ऑफिसांच्या डब्यांचं काम मिळवलं, त्यात हिला ओढलं, आणि लालबागबाहेरचं गिऱ्हाईक मिळालं. कसब तिचं होतं, हमी गटाची होती. म्हणून माझं म्हणणं इतकंच की वही लिहा, पण वहीतलं पान शेजारच्याला दाखवा. तुमच्या लाइनवरच्या त्या ड्रिलिंगवाल्याने बाकीच्यांना त्यांचं कसब कसं सांगायचं ते शिकवलं असतं, तर आणखी चार जण लागले असते.

दुर्वा_वाळूज | मंगळवार, सकाळी ११:१०

मी वर्षापूर्वी डिप्लोमा केला. सध्या अप्रेंटिस आहे. स्टायपेंड मिळतो, पीएफ नाही, मुदत संपल्यावर ठेवतील की नाही सांगत नाहीत. दिवसभर एकच काम आहे, व्हर्निअर आणि मायक्रोमीटरने माप घ्यायचं आणि तक्त्यात भरायचं. कशाची मालकी घेऊ? माझ्याकडे तर काहीच नाही. शिवाय ओळखीचे एक जण म्हणतात की बाहेर एका वर्कशॉपला संध्याकाळी इन्स्पेक्शन करून दे, रोजचे पैसे देतील. करावं का?

करसल्लागार | मंगळवार, दुपारी ४:२५

संध्याकाळच्या कामाबद्दल आधी सांगतो. आपलं अपॉइंटमेंट लेटर किंवा अप्रेंटिसशिपचा करार शब्दन् शब्द वाचा. कारखान्यातल्या कामगाराने एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करण्यावर १९४८ च्या कारखाना कायद्यापासून बंधन आहे. कारण सुरक्षेचं आहे, थकलेल्या माणसाचा हात मशीनमध्ये जातो. नोकरीत असताना दुसरं काम न करण्याची अट कोर्टात टिकते. नोकरी सोडल्यानंतर अमुक वर्षं प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये, ही अट मात्र करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. बाँडची गोष्ट वेगळी. ठरलेल्या मुदतीआधी सोडल्यास २ लाख भरायचे, अशा एका सरकारी बँकेच्या अटीला सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मान्यता दिली आहे. तेव्हा सही करण्याआधी वाचा.

जे खरोखर स्वतंत्र सल्ल्याचं काम करणार आहेत त्यांच्यासाठी. इंजिनिअरिंग आणि तांत्रिक सल्ला हे व्यवसाय गृहीत उत्पन्नाच्या योजनेत बसतात. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल (रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख), तर निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरता येतो, सविस्तर हिशोबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. सेवेसाठी जीएसटी नोंदणी साधारणपणे २० लाखांच्या पुढे. सूक्ष्म-लघु उद्योगांची उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. वर टूलरूम_मिरज यांनी सांगितलेलं ४५ दिवसांचं संरक्षण हवं असेल तर ती नोंदणी ऑर्डर घेण्याआधी केलेली असावी.

दर ठरवताना होणारी फसगत मी नेहमी पाहतो. वार्षिक पगार ९ लाख, भागिले ३०० दिवस, म्हणून रोजचे ३,००० सांगितले. पण स्वतंत्र माणसाला वर्षात ३०० दिवसांचं काम मिळत नाही. गिऱ्हाईक शोधणं, कोटेशन देणं, वसुलीला फेऱ्या मारणं यात निम्मे दिवस जातात. १३० दिवस बिलाचे धरले तर तेच ९ लाख मिळवायला रोजचे सुमारे ६,९०० लागतात. आणि यात पीएफमधला मालकाचा वाटा, भरपगारी रजा, घरच्यांचा आरोग्यविमा आलेलाच नाही. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो. वैयक्तिक पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो आणि तो पगार चालू असताना सरलेला बरा.

टूलरूम_मिरज | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

दराचा हिशोब अगदी बरोबर. मी पहिलं वर्ष ३०० ने भागूनच काढणार होतो. माझ्या आधीच्या मालकांनीच, नोकरी सोडताना, समोर बसवून हा फरक समजावला. तेच माझं पहिलं गिऱ्हाईकही झाले. सोडताना भांडून निघू नका, एवढी भर घालतो.

गेजवाली | मंगळवार, रात्री ९:५०

दुर्वा, माझ्याकडे काहीच नाही असं तू लिहिलंस, त्याला माझा विरोध आहे. संध्याकाळच्या कामाचं करसल्लागारांनी सांगितलंच आहे, करार वाचून मगच ठरव. मी तुझ्या दिवसाच्या कामाबद्दल लिहिते.

तू मापं तक्त्यात भरतेस. उद्यापासून तक्ता भरून झाला की आकडे पुन्हा एकदा नजरेखालून घाल, एका ओळीत. सकाळपासून माप हळूहळू एका बाजूला सरकतंय का? सरकत असेल तर टूल झिजत असेल. एकदम उडी मारली? इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलला असेल किंवा शिफ्ट बदलली असेल. वर-खाली होतंय पण कसलाच क्रम नाही? मग एकच पार्ट तू स्वतः पाच वेळा मोज, मग शेजारच्या मुलाला मोजायला सांग. आकडे जुळले नाहीत तर गडबड मोजण्यात आहे. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. मापं तुझ्याच हातात येतात, तुझ्या साहेबांच्या हातात फक्त तक्ता येतो. टूल झिजतंय हे पार्ट रिजेक्ट होण्याआधी तासभर तुला दिसू शकतं. ते ज्या दिवशी तू ऑपरेटरला सांगशील आणि तो टूल बदलेल, त्या दिवशी तुझ्या वहीचं पहिलं पान तयार झालं. साहेबांकडे जाण्याआधी ऑपरेटरकडे जा. त्याला तोंडघशी पाडून मिळालेलं श्रेय पुढे फार महागात पडतं, आणि झिजलेल्या टूलचा आवाज कसा येतो ते तोच तुला शिकवेल.

तिथे जीडी अँड टी (ड्रॉइंगवर आकार आणि जागेची टॉलरन्स दाखवायची चिन्हं) शिकवणारं कुणी आहे का बघ. ड्रॉइंगवरच्या त्या चौकटी वाचता येणारी मुलगी आणि नुसती मापं भरणारी मुलगी, यांच्या पगारात फरक पडतो. अप्रेंटिसशिपची मुदत संपल्यावर प्रमाणपत्र नक्की घे. बरेच जण कायम केलं नाही म्हणून रागाने ते घेतच नाहीत.

दादा, ड्रिलिंगवाल्याचं तुम्ही लिहिलंत त्यानंतर मी आमच्याकडच्या दोघांशी बोलले. जुन्या लाइनवरचे जे अजून कामाच्या शोधात आहेत त्यांना एका रविवारी बोलावतोय. प्रत्येकाने आपलं काम पार्टचं नाव न घेता सांगायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे आणि त्यातून प्रत्येकाचं एक पान लिहायचं. निशिगंध, तुम्ही पिंपरी-चिंचवडजवळ असाल तर याल का? नोकरी देणारा ते पान कसा वाचतो, हे आमच्यापैकी कुणाला माहीत नाही.

निशिगंध | बुधवार, सकाळी ८:१५

येते. प्रत्येकाला जुनं अपॉइंटमेंट लेटर, शेवटची पगाराची स्लिप आणि यूएएन (पीएफचा कायमचा) नंबर बरोबर आणायला सांगा. पानं लिहून झाली की पीएफची खातीही तिथेच तपासून घेऊ. बंद पडलेल्या लाइनवरच्या बऱ्याच जणांची जुनी खाती जोडलेलीच नसतात.

दुर्वा_वाळूज | बुधवार, रात्री ९:३०

आज बघितलं. बाहेरचा व्यास सकाळपासून दर तासाला २-३ मायक्रॉनने वाढत होता. ऑपरेटर काकांना दाखवलं, त्यांनी इन्सर्ट फिरवला, माप परत मधोमध आलं. आतला व्यास मात्र नुसता वर-खाली होतोय, क्रम नाही. एकच पार्ट मी पाच वेळा मोजला तर पाचही आकडे वेगळे आले. आता काय तपासू?

गेजवाली | बुधवार, रात्री ९:४८

व्हर्निअरने मोजतेस की बोअर गेजने? व्हर्निअर असेल तर आतल्या व्यासाला तो या कामाचा नाही, साहेबांकडे बोअर गेज माग. बोअर गेज असेल तर तो भोकात हळूच पुढे-मागे झुलवायचा आणि सुई जिथून परत फिरते तोच आकडा घ्यायचा. त्याआधी मास्टर रिंगवर शून्य लावून घे आणि हातातला पार्ट गरम आहे का ते बघ. उद्या पुन्हा पाच वेळा मोज आणि आकडे इथे टाक, पार्ट नंबर वगळून.